तीन पदरांची रजई

मी आमच्या सरांचं बाळ धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून आणलं.

हे वाक्य मी चारचौघांत टाकतो आणि गप्प बसतो. ऐकणाऱ्याचा घास हातातच राहतो. मग जरा वेळाने सांगतो, की बाळ कापडाचं होतं, टॉवेलाएवढं, आणि मी तेव्हा बारावीला होतो. लोक हसतात. मीही हसतो. पण दरवेळी वाटतं, आपण अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी सांगायची वेळ यंदा आली. यंदा माझी बायको पोटुशी असताना एका सुईच्या टाक्याने धास्तावली, आणि तिची धास्ती काढू शकेल असं जगात एकच कापड होतं आणि ते उलगडून दाखवणारा एकच माणूस.

तो माणूस म्हणजे आमचे जीवशास्त्राचे सर. बीडला टायरच्या दुकानावर पत्र्याचा एक हॉल होता, तिथे ते शिकवणी घेत. खाली हवा भरायच्या मशीनचा आवाज, वर आम्ही साठ-सत्तर भावी डॉक्टर. त्यांतला मी एक, चौसाळ्याहून आलेला, खोली करून राहिलेला, आणि पुढे डॉक्टर न झालेला.

सरांच्या वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. दुकान गेलं, पण त्यातला निळा खडू सरांच्या खिशात राहिला होता. शिंप्याचा, चपटा, तीन कोनांचा. फळ्यावर ते त्यानेच लिहीत, कारण रेघ बारीक येते. मागच्या बाकांना काही म्हणजे काही दिसत नसे. कुणी कुरकुर केली की म्हणत, "दिसत न्हाई तर पुढं ये की बे. गर्भात एक पेशी तरी आपल्या जागेवर बसून राहती का? सगळ्या उठून कामाला जातेत. तूच तेवढा बसलेला."

त्यांना घड्या घालायचं वेड होतं. एसटीचं तिकीट, वर्तमानपत्र, हजेरीचा कागद, हाताला लागेल त्याची घडी. भाकरीची घडी पडत नाही, ती मोडते, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. म्हणून डब्यात चपाती असेल त्या दिवशी स्वारी खुशीत. नवीन मुलगा आला की आधी त्याचा रुमाल बघत. मार्कशीट नंतर. माझ्या रुमालाचा बोळा बघून त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "हे कुठल्या जनावराचं हाय?"

त्यांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते, घडी पडलेले आणि तबकडी. आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्याला माणूस एका चपट्या तबकडीसारखा असतो आणि चौथ्यात त्याची घडी पडते, हे ज्ञान त्यांनी फक्त आमच्यापुरतं ठेवलं नव्हतं. माजलगावचे एक ऊसवाले पालक मुलाचे मार्क बघून तणतणत आले, तेव्हा सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमचा पोरगा अजून तबकडी हाय."

"म्हणजे काय सर?"

"म्हणजे डोकं कुठं, पाय कुठं, ते अजून ठरलं न्हाई. घडी पडू द्या. चौथा हप्ता चालू हाय."

हप्ता म्हणजे आठवडा, आणि चौथा हप्ता म्हणजे सरांचं उत्तर. लाईट गेली, हॉलचं छत गळलं, सरकार बदललं, कुणाचं लग्न ठरेना, तरी "घाई करू नको बे, चौथा हप्ता चालू हाय." ते पालक जिना उतरताना मुलाला सांगत होते, "सर म्हणतेत तू चपटा हाईस. कावून रं चपटा? दोन टाइम खातोस की."

वर्षातून एकदाच, पावसाळा सरता सरता, सर कपाटातून ती रजई काढत. त्या दिवशी दुसऱ्या बॅचची मुलंही येऊन भिंतीला टेकून उभी राहत. वर निळ्या कापडाचा अभरा, खाली पिवळं अस्तर, मध्ये लाल रंगवलेला कापूस. टाके असे की बैलगाडी चिखलातून गेलीय. कडेने आठ नाड्या लोंबत असत.

"वरच्या कारागिरानं आधी रजई शिवली," सर सुरू करत, "आणि मग त्या रजईचा माणूस केला. निळ्याची झाली कातडी आन् मेंदू. पिवळ्याचं झालं आतडं. मधल्या कापसाची हाडं, मांस, रगत. बास. एवढ्याच मालात तुमचा पंतप्रधान बी बसला आन् तुमचा कंडक्टर बी."

मग पहिली नाडी. ती ओढली की निळ्या कापडावर मधोमध चर पडे. चराचे काठ उचलत, एकमेकांकडे झुकत आणि मानेच्या जागी पहिल्यांदा चिकटत. तिथून एकीकडे डोक्यापर्यंत, दुसरीकडे कमरेपर्यंत ते मिटत जात. चराची नळी होई. "ही तुमची पाठ. आधी पाठ मिटते, मग पोट. आन् बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत हे काम उरकलेलं असतं, हे लिहून ठेवा. पेपरात न्हाई आलं तरी लिहून ठेवा."

पुढची नाडी डोक्याची. रजईच्या वरच्या टोकाला, डोक्याच्याही पुढे, एक लाल गुंडी शिवलेली होती. ते काळीज. नाडी ओढली की डोकं वाकून नमस्कार घालावं तसं खाली येई आणि ती गुंडी सरकत सरकत छातीखाली जाऊन बसे. "बघा. सुरुवातीला सगळ्यांचं काळीज डोक्याच्या पुढं पळतंय. घडी पडली की जागेवर येतं. काहींचं येतच न्हाई," असं म्हणून ते माझ्या शेजारच्या, प्रेमात पडलेल्या मुलाकडे बघत.

मग शेपटाकडची नाडी, मग दोन्ही बाजूंच्या. कडा पोटावर येऊन मिटत, एवढीशी जागा उरे, ती बेंबी. आणि सरांच्या हातावर मान वाकवून बसलेलं काहीतरी असे. कापडच ते; पण साठ-सत्तर कारटी चिडीचूप होत. खालचं हवेचं मशीन तेवढं ऐकू येई. सर ते हातावर तसंच धरून राहत. शिकवायला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. मग नाड्या सैल सोडत आणि ते पुन्हा सपाट होई. तेवढं मात्र आम्हाला बघवत नसे. का बघवत नाही, हे कुणाला सांगता आलं नसतं.

आता माझा पराक्रम. अकरावीत तो धडा एकदा बघूनही बारावीच्या चाचणीत मला गर्भाच्या आकृतीत शेपटाच्या जागी डोळे काढल्याबद्दल शून्य मिळालं होतं. सरांची मर्जी संपादन करायची होती. त्या धड्याच्या दोन दिवस आधी हॉलची झाडलोट माझ्याकडे होती, कपाट उघडं होतं, आणि ती रजई मळून इतकी कळकट झालेली की मला दया आली. खोलीखालीच लाँड्री होती. लाँड्रीवाल्या मामांना म्हटलं, "मामा, एकदम फर्स्टक्लास करा. सरांची हाय."

मामांनी जीव ओतला. सोड्यात उकळली. आठही नाड्या उसवून काढल्या, इस्त्रीला अडचण नको म्हणून. खळ घातली. लाल कापसाचा रंग सुटून निळ्या-पिवळ्यात उतरला आणि तिन्ही पदर मिळून एकाच वांगी रंगाचे झाले. वरून कोळशाची इस्त्री. नाड्यांची वेगळी जुडी बांधून दिली. मी सगळं कागदात गुंडाळून, वाढदिवसाला देतात तसं दोन्ही हातांनी सरांना दिलं.

सरांनी कागद सोडला. रजई टेबलावर आडवी ठेवायला गेले, तर ती पापडासारखी ताठ. कडेवर उभी केली, तर उभी राहिली. सरांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "उभं राहायला लागलं की बे."

पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत. त्यांनी वर्ग सोडून दिला आणि मला म्हणाले, "तू थांब. माझ्यासंगं घरी चल. हे तूच सांगायचंस."

वाटेत मी तीनदा माफी मागितली. सर नाड्यांच्या जुडीची घडी घालत चालले होते. चौकात रिक्षा जाऊ द्यायला थांबलो, तेव्हा त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला आधी कळलंच नाही काय सांगतायत ते.

त्यांना मुलगी झाली होती. अठरा दिवस होती. पाठीची नळी कमरेपाशी मिटली नव्हती. चाची, म्हणजे सरांची बायको, शिंप्याच्या घरातली. बीडमध्ये तिच्यासारखं फ्रॉक शिवणारं कुणी नव्हतं. सातवा महिना असताना ग्रहण लागलं आणि तिने मशीनवर बसून बाळाचं अंगडं पुरं केलं. ग्रहणात पोटुशीने सुई धरू नये, हे आपल्याकडे देवळाच्या गल्लीत म्हणतात तसंच मशिदीच्या गल्लीतही म्हणतात. पोर गेल्यावर सगळ्यांनी ते अंगडं आठवलं. चाचीनेही. तिने मशीनवर चादर टाकली, त्यावर पाण्याचा माठ ठेवला आणि पुन्हा सुई हातात धरली नाही.

"मी जीवशास्त्राचा मास्तर," सर म्हणाले. "तिला सांगितलं, अगं सातव्या महिन्याचं ग्रहण चौथ्या हप्त्यात कसं मागं जाईल? तिला पटंना. म्हणून ती रजई मी शिवली. माझ्या हातानं. वर्गासाठी न्हाई बे, तिच्यासाठी. लई वेळा दाखवली. बघते आन् उठून चहा ठेवते. म्हणून मग वर्गात दाखवाया लागलो. कुणाला तरी पटावं."

मला रिक्षासमोर पडावंसं वाटलं, पण ती निघून गेली होती.

घरी चाची शेंगा फोडत बसली होती. मी उभा राहून कबूल केलं. तिने ती वांगी रजई हातात घेतली, वाजवून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "खळ पण घातली?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर नवीन कापड घेऊन बसले. मला शिक्षा म्हणून कापूस पिंजायला बसवलं होतं. सरांचे टाके चुकत होते, नाड्यांची ओळ चुकत होती, बोटाला सुई लागत होती. डोक्याची नाडी ओढली की पोट मिटायचं. तीन संध्याकाळी हा प्रकार चालला. चाची शेंगा फोडत होती, तिसऱ्या संध्याकाळी ती थांबली.

"डोक्याची नाडी आतून घ्याला पायजे," ती तिथूनच म्हणाली.

"घेतली की आतून."

"कुठं आतून? ते बाहेरून हाय. रजईवाल्याच्या घरात जन्माला आलात आन् टाका हा असला?" आणि उठून आली. सरांच्या हातातून सुई घेतली. दोरा ओवला. एका दमात ओवला.

सरांनी शेजारचं वर्तमानपत्र उचललं आणि त्याची घडी घातली. घडीची घडी. त्याची घडी. कागद ऐकेना तरी दाबत राहिले. मी कापसात नाक खुपसून बसलो. चाचीने पाठीचा चर शिवला, काठ जवळ आणले आणि कमरेपाशी आल्यावर थांबली. मला विचारलं, कारण सरांकडे बघायची तिची तयारी नसावी, "हे कधी मिटतं?"

आयुष्यात एकदाच मला बरोबर उत्तर आलं. "चौथ्या हप्त्यात, चाची."

"मला तवा ठाऊकच नव्हतं दिवस गेलेले," ती म्हणाली. मग पुढे शिवत राहिली.

बारावीनंतर मी सरांना सांगितलं होतं, डॉक्टर झालो की पेढे घेऊन येतो. झालो नाही. फार्मसीचा डिप्लोमा केला आणि चौसाळ्यात मेडिकल टाकलं. डॉक्टर लिहितात ते मी वाचतो, तेही अंदाजाने. नवीन लग्न झालेली जोडी दुकानात आली की पाठीची नळी नीट मिटावी म्हणून लागणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, असं त्यांनी न विचारताच सांगतो, "दिवस जायची वाट बघू नका." लोकांना मी आगाऊ वाटतो. माल आणायला दर आठवड्याला बीडला जातो. सरांचं घर ठोक बाजारापासून दोन गल्ल्यांवर. पण पेढ्यांचं तेवढं राहिलं होतं ना, म्हणून पाय वळायचा नाही. वाटायचं, जरा काहीतरी होऊ, मग जाऊ.

यंदा बायकोला पाचवा लागला आणि ग्रहण आलं. तिने ब्लाउजचा तुटलेला हूक लावला. आईने बघितलं आणि कपाळाला हात लावला. सोनोग्राफी चांगली, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक. पण बायको रात्रंदिवस पोटावर हात ठेवून बसायला लागली. जेवण तुटलं. "मशीनला काय कळतं ग्रहण?" म्हणायची.

मी म्हटलं, थांब, तुला सरांसारखं करून दाखवतो. पलंगावर चादर, सतरंजी आणि तिचा दुपट्टा असे तीन पदर अंथरले, परकराच्या नाड्या लावल्या आणि ओढल्या. माझ्या रजईचं डोकं शेपटाकडून निघालं. पुन्हा ओढल्या, तर मीच आत गुंडाळला गेलो. आई दारात येऊन म्हणाली, "अगं, ह्याला कुणीतरी सोडवा." बायको हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "तुमालाच नीट माहीत न्हाई. मला कशाला सांगता?"

त्या दिवशी तिला घेऊन बीडला गेलो. हॉलच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. घर मात्र तिथेच होतं. चाचीने दार उघडलं. केस पांढरे, गळ्यात टेप. मशीन खिडकीशी, त्यावर लहान बाळांच्या दुपट्यांचा ढीग.

"सर हायेत का?"

चाचीने गळ्यातला टेप काढून हातात घेतला. "दोन वर्सं झाली की त्यांना जाऊन," ती म्हणाली.

बायकोच बोलली, कशी काय आलो, हूक, ग्रहण, सगळं. चाचीने तिला खाली नाही, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि आतून रजई आणली. निळी, पिवळी, मध्ये लाल. नाड्या तिच्याच हातात दिल्या. "तू ओढ."

बायकोने पहिली नाडी ओढली. चर पडला, काठ आले, मिटले. चाचीने तिचं बोट धरून त्या मिटलेल्या पाठीवरून फिरवलं, मानेपासून कमरेपर्यंत.

"हे चौथ्या हप्त्यात झालं. तवा तुला उलटी तरी सुरू झाली होती का?"

"न्हाई."

"हूक कधी लावला?"

"पाचव्यात."

"मग? मिटलेल्या पाठीला तुझा हूक काय करणार?"

बायको बोटांवर महिने मोजत राहिली. पुन्हा मोजले. मग उरलेल्या नाड्या तिने न सांगता ओढल्या. गुंडी सरकली, छातीत बसली. कडा आल्या, पोट मिटलं. तिने ते हातावर घेतलं आणि तशीच धरून बसली. चाची म्हणाली, "माझ्या मनातून ती सुई निघायला लई वर्सं लागली गं. तू आजच मोकळी हो. आन् जेवून जा."

बायको जेवली. तीन चपात्या. घरी जाऊन आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आईला, मीच सांगते म्हणाली.

निघताना ती चपला घालत होती आणि मी दारात रेंगाळलो. भिंतीवर सरांचा फोटो नव्हता. खुंटीवर त्यांचा शर्ट होता, तीन घड्यांच्या बाह्यांचा, धुतलेला. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"चाची, सर कधी माझी आठवण काढायचे का?"

ती खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. एवढं तरी माणूस बोलतं. तिने दाराची कडी हातात धरली आणि खरंच आठवून बघितलं.

"न्हाई," चाची म्हणाली. "जे यायचे त्यांची काढायचे. तू कुठं आलतास?"